पहिली पाळी

चार सत्तावन्न.
मी अजून निजलेलाच असतो
आणि हा उठून धावायला लागलेला.
स्वप्न नाही, घाम नाही, कुणी हाकही मारलेली नाही.
फक्त डाव्या बरगडीखाली
कुणीतरी चपला हातात घेऊन
जिन्यावरून खाली पळतंय.

उशाखाली चिमटा असतो, करोनातला.
बोटाला लावला की अंधारात लाल आकडे:
एकशे अठरा. एकशे चोवीस. एकशे एकवीस.
शालन कूस बदलते.
"काय होऊन राहिलंय?"
"तेच."
"पाणी पी."
आणि पुन्हा निजते, जशी निजत आली इतकी वर्षं,
एक कान माझ्याकडे उघडा ठेवून.

पलासियाचे डॉक्टर लोणकर वयानं माझ्या मुलापेक्षा लहान.
त्यांनी पट्टी काढली, रक्त तपासलं,
एक रात्र छातीवर डबी बांधून झोपवलं.
"मशीन उत्तम आहे तुमचं, काका.
कसला ताण घेता?"
मी आठवून पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे.
मुलगा बंगळुरूला. घराचा हप्ता फिटलेला.
मोतीबिंदू निघाला.
ताण म्हणजे, पोह्यांवर शेव हल्ली कमी घालतो तो कोपऱ्यावरचा.
ते हसले. अर्धी गोळी लिहून दिली.

मशीन म्हणाले ते,
तेव्हाच कळायला हवं होतं मला.

कळलं सोमवारी, कचरागाडीपाशी.
गाडी तिचं स्वच्छतेचं गाणं वाजवत उभी,
ओलं एकीकडे, सुकं एकीकडे,
आणि समोर बादली घेऊन सूतखात्यातला करीमुद्दीन.
इकडचं तिकडचं झालं, गुडघ्यांचं झालं,
मग तो हळूच म्हणाला,
"भिया, पाँच बजने में तीन मिनट पे नींद खुल जाती है.
और दिल ऐसा भागता है..."
पुढचं बोलला नाही.
गाडी निघून गेली. माझी बादली
भरलेलीच राहिली हातात.

पाचचा भोंगा.
त्याच्या आधी तीन मिनिटं उठायचं,
म्हणजे तो वाजताना आपण मोरीत असतो,
साडेपाचच्याला सायकलवर,
कॅरियरला डबा, शालनच्या हातचा, अजून गरम,
परदेशीपुऱ्याच्या अंधारात पुढे-मागे नुसत्या घंट्या,
आणि सहाच्याला मोठ्या फाटकातलं ते छोटं दार,
कडीवर अंगठा ठेवून उभा सुखलाल चौकीदार.
भोंगा थांबला की अंगठा खाली.
मग अर्धा रोज गेला.
वीस वर्षांत माझा दोनदाच गेला.
एकदा पंक्चर. एकदा मुलगा झाला तेव्हा.

आणि एका गुरुवारी भोंगा वाजलाच नाही.
तरी आम्ही वेळेवर पोचलो, सगळे.
कुलूप होतं, त्याखाली कागद.
सुखलाल बाहेरच्या बाजूला, आमच्यातच उभा,
अंगठ्याचं काय करावं ते न कळून.

मग युनियनला सांगितलं, कोर्टाला सांगितलं,
किराणावाल्याला, सासऱ्यांना, मुलाच्या शाळेला.
हिशेबाचे पैसे आले तोवर
करीमुद्दीनचे दोन्ही भाऊ फोटोत गेले होते.
माझा पितळी बिल्ला, बावीसशे त्रेसष्ट,
शालननं सुयांच्या डबीत टाकला.
सगळ्यांना कळवून झालं.
ह्याला तेवढं कुणी सांगितलं नाही.

आज पुन्हा चार सत्तावन्न.
उठून बसलो. छातीवर हात ठेवला.
ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं ते:
बाबा रे, तिथं आता पत्रे लावलेत,
आत गवत आहे, डोक्याएवढं,
कुणी वाट बघत नाही.

नाही बोलवलं.
इतका जीव खाऊन धावणाऱ्याला
काय तोंडानं सांगायचं.
म्हटलं, डबा घेतलास ना?
बिल्ला आहे खिशात?
मग सावकाश चल.
सुखलालचा अंगठा अजून वरच आहे.

एकशे बारा. एकशे नऊ.
पुन्हा एकशे अकरा.
खिडकीतून दिसतं,
दोन गल्ल्या पलीकडे
करीमुद्दीनच्या मोरीतला दिवा लागलाय.